परवडणे

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या स्वयंपाकघराचा ओटा नव्याने बांधायचे ठरले. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने जी वस्ती वाढत गेली ती आमची बजाजनगर. येथे आरंभी आलेल्या एका कामगाराकडून आम्ही हे घर विकत घेतले, आणि घराबरोबर त्याचा ओटाही घेतला. आता त्याची फरशी तडकली होती आणि खालच्या कडप्प्याच्या आधारांना ओल आली होती. गवंडी आणि सुतार मोजमापे घ्यायला आले. टेप गुंडाळता गुंडाळता सुताराने सहज विचारले, “बाई, भांडी धुण्याच्या मशीनची जागा सोडायची का? आताच सांगा. मागाहून केलं तर ओटा फोडावा लागतो.”

“विचार करून सांगते,” असे मी म्हटले. तो विचार करायला मला चार महिने लागले. एवढ्याशा गोष्टीला इतका विचार कशाला, असे कोणाला वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु काही प्रश्न ओट्याखालच्या अंधारासारखे असतात. तेथे काय काय साठले आहे ते दिवा घेऊन वाकल्याशिवाय कळत नाही.

प्रथम वस्तूची ओळख करून घ्यावी म्हणून दुकाने हिंडले. ओट्यात बसवायचे हे यंत्र साधारण 60 सेंटिमीटर रुंद असते. 45 सेंटिमीटरचेही मिळते. त्याच्या तोंडावर आपल्या कपाटाचीच फळी लावतात, त्यामुळे ते यंत्र आहे हे पाहुण्याला कळतही नाही. त्याला पाण्याचा एक नळ, सांडपाण्याचा एक मार्ग आणि 16 अँपियरचे बटण लागते. पाणी जड असेल तर त्यात खास मीठ घालावे लागते, नाहीतर पेल्यांवर पांढरे डाग राहतात. भांडी आत रचून दार लावले की आतले फिरते हात गरम पाण्याचा मारा करतात, आणि सावकाश, दोन-तीन तासांनी, भांडी धुऊन कोरडी होतात.

दुकानदार म्हणाला, “यात बारा माणसांची भांडी मावतात.” मी विचारले, कोणाची बारा माणसे? कारण ही मोजणी युरोपातल्या जेवणाच्या मेजावरून आलेली आहे. सपाट ताटल्या, कप, काटे आणि चमचे असा तो हिशेब. आमच्या घरी पाच माणसे जेवली तरी वाट्या पंधरा होतात, आणि शिवाय भाताचे पातेले, वरणाचे पातेले, कढई, तवा, परात, कुकर. आता कंपन्यांनाही हे कळले आहे, आणि कढईसाठी वेगळा जोरकस प्रकार ठेवल्याचे त्या सांगतात. तथापि काय घालू नये याची यादी दुकानदाराने वाचून दाखवली तेव्हा मला गंमत वाटली. लोखंडी तवा घालू नये, त्याला गंज चढतो. जर्मनची पातेली घालू नयेत, ती काळी पडतात. म्हणजे बहुतेक घरांतला कुकरही गेला. पितळ-तांब्याची पूजेची भांडी घालू नयेत. लाकडी पोळपाट-लाटणे घालू नये. उरले काय, तर स्टीलची ताटे, वाट्या, पेले आणि काचेचे सामान. म्हणजे जी भांडी घासायला सोपी ती यंत्र घासणार, आणि जी घासताना मनगट दुखते ती माणसासाठी राहणार. ही वाटणी मला ओळखीची वाटली. घरातही ती अशीच होत आलेली आहे.

मग किंमत. मला दाखवलेल्यांत सर्वांत स्वस्त यंत्र 46,000 रुपयांना होते. शिवाय रोजच्या साबणाच्या वडीचे साधारण 15 रुपये, म्हणजे महिन्याचे 450. वीज आणि मीठ मिळून आणखी 300 धरले, तर महिन्याचा खर्च 750 रुपये. आमच्याकडे भांडी घासायला ज्या मावशी येतात त्यांना आम्ही महिना 900 रुपये देतो, आणि दिवाळीला रीतीप्रमाणे एक पगार जास्त. म्हणजे वर्षाचे 11,700. यंत्राचा वर्षाचा खर्च 9,000. वाचले 2,700. या वेगाने यंत्राची किंमत फिटायला सतरा वर्षे लागतील, आणि दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे यंत्र चांगले चालले तर दहा वर्षे चालते.

यजमानांनी वहीत हा हिशेब मांडला आणि पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, “परवडत नाही.”

येथे गोष्ट संपायला हवी होती. आमच्यासारख्या घरांत ती नेहमी येथेच संपते. परंतु ‘परवडत नाही’ हा शब्द त्या दिवशी माझ्या कानाला खटकला. परवडणे म्हणजे नेमके काय? यंत्र महाग आहे म्हणून परवडत नाही, की ज्या माणसाशी आपण त्याची तुलना करतो तो माणूस फार स्वस्त आहे म्हणून? 46,000 रुपये ही रक्कम आमच्या घरात खर्च होतच नाही असे नाही. मुलाच्या मोटारसायकलला तिच्या दुप्पट लागले, आणि तेव्हा कोणी सतरा वर्षांचा हिशेब मांडला नव्हता. मग या एकाच वस्तूच्या बाबतीत आम्ही इतके काटेकोर का झालो? त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात आधीपासून एक बाई बसलेली होती, आणि तिचे वजन फार थोडे भरत होते, म्हणून.

‘बाई’ हा शब्द मी मुद्दाम लिहिला. मी शाळेत शिकवते. शाळेतली मुले मला ‘बाई’ म्हणतात. “बाई आल्या!” असे कोणी वर्गाच्या दारातून ओरडले की सगळे जागेवर बसतात. त्याच दिवशी सकाळी माझ्या घरात सासूबाई विचारतात, “बाई आली का?” ती बाई निराळी. एकीला ‘आल्या’ आणि दुसरीला ‘आली’, एवढाच काय तो फरक. जिजाबाई, अहिल्याबाई, सावित्रीबाई यांच्या नावांना जो शब्द मानाने जोडला तोच आपण भांडी घासणारीसाठी एकटा, नावाशिवाय, वापरतो. तोंडावर आम्ही तिला मावशी म्हणतो हे खरे. पाठीमागे मात्र ती बाई असते. तिचे नाव आमच्या घरात तीन वर्षांनी कळले, तेही तिच्या मुलीचे नाव माझ्या हजेरीपटावर आले म्हणून.

त्या मुलीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. यंत्राचा विचार सुताराने माझ्या मनात घातला नव्हता. त्याने फक्त आधीच आत असलेल्या विचाराला वाट करून दिली.

ती मुलगी चौथीत माझ्या वर्गात होती. अक्षर सुरेख, पाढे तोंडपाठ, आणि कविता म्हणताना डोळे मिटायची. या वर्षीच्या फेब्रुवारीत ती एके सकाळी आमच्या दारात उभी राहिली. आता ती नववीत होती. म्हणाली, “आईला ताप आहे बाई. भांडे मी घासते.” मी म्हटले, “अगं, शाळा?” ती म्हणाली, “जाईन ना, घासून जाईन.” मला सातच्या शाळेची घाई होती, घरात आदल्या रात्रीच्या पाहुण्यांची खरकटी पडली होती. मी बाजूला झाले आणि ती आत आली.

ताप लांबला. ती तेरा दिवस आली. आमच्यानंतर आणखी चार घरे होती, हे मला ठाऊक होते. ‘घासून जाईन’ हे शक्य नव्हते, हेही मला गणित शिकवणारीला कळायला हवे होते. वर्गात मी मुलींच्या शिक्षणावर बोलते. सावित्रीबाईंच्या जयंतीला माझे भाषण होते. आणि तेरा सकाळी माझ्या एका विद्यार्थिनीने माझ्या घरची उष्टी काढली आणि मी घड्याळ पाहत शाळेत गेले. चौदाव्या दिवशी मावशी परत कामावर आल्या तेव्हा माझ्या मनात पहिला भाव सुटकेचा आला. लाज त्यानंतर आली. हा क्रम मी प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

यंत्र असते तर? तर ती तेरा दिवस शाळेत गेली असती, असे मी स्वतःला सांगू लागले. पण तेवढ्यावर माझे मन टिकेना. यंत्र असते तर तिच्या आईचे एक घर गेले असते. पाच घरांच्या मिळकतीतून एक घर वजा झाले की पहिली कात्री कशाला लागते हे शिक्षिकेने सांगायला नको.

या पेचात मी वाचू लागले. वाचनाने प्रश्न सुटत नाहीत, पण आपण एकटे नाही एवढे कळते.

भांडी धुण्याचे पहिले उपयोगी यंत्र एका बाईनेच केले. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावी जोसेफिन कॉक्रेन नावाच्या सधन गृहिणी होत्या. त्यांच्याकडे जुनी, मोलाची चिनी मातीची भांडी होती, आणि धुताना नोकरांच्या हातून त्यांचे टवके उडत. म्हणून त्यांनी यंत्राची कल्पना काढली असे सांगतात. 1883 साली पती वारले, मागे कर्ज राहिले, आणि हौसेचे काम पोटाचे झाले. 28 डिसेंबर 1886 रोजी त्यांना पेटंट मिळाले. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रे भोजनगृहांची भांडी धूत होती. आपल्याला शिकागोचे ते वर्ष विवेकानंदांच्या भाषणामुळे पाठ आहे. सर्वधर्मपरिषद त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. एकीकडे मनुष्यमात्राच्या बंधुत्वाची भाषा चालली होती, आणि त्याच गावात, त्याच हंगामात, हजारो माणसांची उष्टी ताटे कोणाच्याही हाताशिवाय स्वच्छ होत होती. या दोन घटनांचा परस्परसंबंध कोणी जोडलेला मी वाचला नाही. मला मात्र त्या जवळच्या वाटतात.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कॉक्रेनबाईंना नोकरांपासून भांडी वाचवायची होती. भांड्यांपासून नोकरांना वाचवण्याचा विचार त्या यंत्राच्या जन्माशी नव्हता. यंत्राच्या पोटात जन्मापासून कोणते प्रेम आहे हे पाहावे असे गांधीजींचे म्हणणे होते. 1924 साली रामचंद्रन या तरुणाने त्यांना यंत्रांविषयी छेडले तेव्हा आपला विरोध यंत्राच्या वेडाला आहे असे त्यांनी सांगितले, आणि सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली. बायको हाताने टाके घालून शिणते हे पाहवले नाही, म्हणून सिंगरने ते यंत्र केले, अशी त्यांची समजूत होती. लोभ काढून त्या जागी प्रेम ठेवा, असा त्यांचा निकष. मी तो माझ्या ओट्याला लावून पाहिला. मी यंत्र घेणार ते कोणाच्या प्रेमाने? माझ्या मनगटाच्या, की मावशींच्या बोटांच्या, की केवळ शेजारच्या घरात आले आहे म्हणून?

आणि प्रेमाने घेतले तरी ते पोचते का, हाही प्रश्न आहे. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी 1983 साली ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात दाखवले की तिकडे घरोघरी यंत्रे आली तरी गृहिणीचे कामाचे तास म्हणावे तसे घटले नाहीत. पूर्वी घरकामात पुरुष, मुले, नोकर यांचा जो वाटा होता तो यंत्रांनी काढून घेतला. गृहिणीचा वाटा तिच्याकडेच राहिला, आणि स्वच्छतेची अपेक्षा वाढली ती वेगळीच. हे वाचताना मला आमचे घर दिसले. यंत्र आले तर त्यात भांडी कोण रचणार? यजमान म्हणतील, “तुला ते नीट जमतं.” मुलगा म्हणेल, “मला बटण कुठलं ते माहीत नाही.” दोघेही कारखान्यात यापेक्षा अवघड यंत्रे चालवतात.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार केला नाही असे नाही. तिने तो आपल्या पद्धतीने केला. आमच्याकडे यंत्राच्या आधी देव आला. गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी होती. तिच्या दळणाला, झाडलोटीला, धुण्याला विठ्ठल हात लावी. आणि आमच्यापासून जवळच, पैठणला, एकनाथांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा गडी होता. तो बारा वर्षे गोदावरीच्या कावडी वाहून रांजण भरी, गंध उगाळी. तो साक्षात श्रीकृष्ण होता हे नाथांना तो गेल्यावर कळले. तो रांजण पैठणला अजून दाखवतात.

या दोन कथा आम्ही एकाच श्रद्धेने ऐकतो, परंतु त्या एक नाहीत. जनाबाईच्या कथेत देव दासीकडे येतो. तिचे काम तिचेच राहते, घरातली तिची जागा तीच राहते, फक्त तिचा भार हलका होतो. श्रीखंड्याच्या कथेत देव धन्याकडे येतो, स्वतःच गडी होतो, आणि बारा वर्षे त्याला कोणी ओळखत नाही. कथा देवाची थोरवी सांगते, ती आहेच. पण मला त्या न ओळखल्याची खंत अधिक मोठी वाटते. नाथांसारख्या दयार्द्र माणसाच्या घरातसुद्धा पाणी भरणारा बारा वर्षे अनोळखी राहू शकतो, हे ती कथा सांगून जाते. मग आम्ही तीन वर्षे नाव न विचारलेल्या माणसांनी काय बोलावे!

मी जे यंत्र पाहत होते ते जनाबाईचा विठ्ठल होणार होते की आमचा श्रीखंड्या? दासीचा भार हलका करणार होते की तिला घालवून स्वतः तिच्या जागी बसणार होते? प्रश्न असा मांडल्यावर तो किमतीच्या आणि लिटरच्या पलीकडे गेला.

लिटरचाही विचार मी केला, तो सांगते. मराठवाड्यात पाण्याविषयी हलक्याने बोलता येत नाही. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर नाथसागर पसरलेला असूनही शहराच्या कितीतरी भागांत नळ कित्येक दिवसांच्या अंतराने येतो. यंत्रवाले सांगतात की हाताने धुण्यापेक्षा यंत्राला फार कमी पाणी लागते, एका खेपेला दहा-बारा लिटर. जर्मनीत बॉन विद्यापीठाने केलेल्या एका पाहणीत हाताने बारा जणांची भांडी धुणाऱ्या माणसांनी सरासरी शंभर लिटरच्या वर पाणी वापरले. पण ती माणसे युरोपातली, बरीचशी वाहत्या नळाखाली धुणारी. मी एके दिवशी मावशींचे पाणी मोजले. दोन बादल्या. एकीत घासलेले बुडवायचे, दुसरीत विसळायचे, आणि शेवटचे पाणी कुंडीतल्या कढीपत्त्याला. टंचाईत वाढलेल्या बाईचे हे शहाणपण कोणत्याही पाहणीत आलेले नाही. तरीही दोन बादल्या म्हणजे तीस लिटर होतातच. पाण्याच्या बाजूने यंत्र जिंकते, हे मान्य केले पाहिजे.

सासूबाईंची बाजू वेगळीच होती. “रात्रभर खरकटं कपाटात कोंडून ठेवायचं? लक्ष्मी येईल का घरात?” त्यांच्या शब्दांत सोवळ्याचा जुना गंध आहे, आणि त्या सोवळ्यानेच उष्टे काढणे हे खालच्याचे काम ठरवले. उष्ट्याला हात लावणारा आणि न लावणारा अशी माणसांची विभागणी करून आपण पुष्कळ शतके जगलो. यंत्राला जात नसते, ही त्याच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट आहे. परंतु ज्याने आपले उष्टे दुसऱ्याकडे सोपवले त्याचे मन यंत्राने धुतले जात नाही. त्याने माणसाऐवजी कपाटाकडे सोपवले, एवढेच होते.

याला उतारा काय, ते मी नांदेडला पाहिलेले आहे. हुजूर साहिबच्या लंगरात जेवण झाल्यावर ताटे धुवायच्या जागी गेले, तर मोठ्या हौदाशी माणसे ओळीने उभी होती. दागिने घातलेल्या बायका, शेतकरी, शाळेतली पोरे, सगळ्यांचे हात साबणात. तेथे तेच काम सेवा या नावाने चालते आणि त्यासाठी माणसे आपली पाळी येण्याची वाट पाहतात. काम तेच, पाणी तेच, उष्टे तेच. मग आमच्या मोरीत ते हीन का होते? मला वाटते, तेथे प्रत्येकजण जेवलेला आहे आणि प्रत्येकजण धूत आहे. एकाने जेवायचे आणि दुसऱ्याने धुवायचे अशी कायमची वाटणी तेथे नाही. हीनपणा उष्ट्यात नसून त्या कायमपणात असावा.

यावर माझ्या एका सहशिक्षिकेने मला अडवले. ती म्हणाली, “तू फार विचार करतेस. आपण काम देतो म्हणून त्यांची चूल पेटते.” हे खोटे नाही, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण आहे. पण काम देणाऱ्याने आपण उपकार करतो असे मानू लागले की पगाराची बोलणी बंद पडतात. 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तेव्हा आपल्या कामालाही भाव, सुटी आणि मान असतो हे त्यांनी मध्यमवर्गाला प्रथम ऐकवले. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. तरी आमच्या गल्लीत मोलकरणीचा पगार आजही शेजारणी आपसांत ठरवतात, आणि एकीने वाढवला तर बाकीच्या तिच्यावर रुसतात. 2020 च्या टाळेबंदीत बायांना कामावर येणे बंद झाले. देशभर भांडी धुण्याच्या यंत्रांची मागणी त्याच काळात वाढली. आम्ही दोन महिने स्वतः घासली, दमलो, आणि एकमेकींना म्हणालो, “बाईची किंमत आता कळली.” ती किंमत कळल्यावर पगार किती वाढला? आमच्या घरी शंभर रुपये.

आता शेवटचे सांगते. चार महिने मी सर्वांना विचारले. दुकानदाराला, यजमानांना, सासूबाईंना, पुस्तकांना. एका माणसाला विचारले नव्हते. भाद्रपदात एकदा मावशी मोरीतून उठल्या तेव्हा मी कंपनीचे चित्रांचे पुस्तक त्यांच्यासमोर धरले. ओले हात पदराला पुसून त्यांनी ते दूरूनच पाहिले.

“ह्याच्यात तवा बसतो का, बाई?”

“नाही मावशी. तवा बाहेरच घासावा लागतो.”

“अन् कुकर?”

“तोही नाही.”

“मंग हे धुतंय तरी काय?” आणि त्या हसल्या. मीही हसले. मग हसू ओसरले आणि त्या गप्प झाल्या. काय बोलणे चालले आहे ते त्यांना कळले होते. दारात मुलगी उभी होती. रविवारी ती व्याकरण विचारायला येते. तिने सरळ विचारले, “मग आईला काढणार का, बाई?”

‘बाई’ हा शब्द मी हजारो वेळा ऐकला आहे. इतका जड कधी लागला नव्हता.

मावशींनी मुलीला गप्प केले. आपली बोटे माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, “साबणानं हे असं होतं. हिवाळ्यात रगत येतं. मशीन घ्या तुम्ही, मी नाई म्हणत नाई. पण पगार तोडू नका. भांडे मी लावीन, मी काढीन. तवा-कुकर घाशीन. बोटं तरी सुकतील.”

तेरा दिवस मुलीने भांडी घासली तेव्हा मी तिचे हात पाहिले नव्हते. अकरा वर्षे आईचेही पाहिले नव्हते. चिरा खोल होत्या, जुन्या होत्या.

रात्री मी यजमानांना सांगितले. त्यांनी वही पुन्हा काढली. नव्या हिशेबात बचत कोठेच नव्हती. पगार तसाच, वर यंत्राचे 46,000, वर महिन्याचे 750. ते बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, “म्हणजे हा सगळा खर्च तिच्या बोटांसाठी.” त्यांच्या बोलण्यात उपरोध नव्हता. ते कारखान्यात पाळी सांभाळतात. कामगाराच्या हातासाठी यंत्राला जाळी बसवायचा खर्च तेथे कोणी परतफेडीच्या वर्षांत मोजत नाही, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितले होते. मी तेवढी आठवण दिली. त्यांनी वही मिटली, पण ‘परवडत नाही’ हा शब्द या वेळी उच्चारला नाही.

ओटा आता पुरा झाला आहे. सुताराने विचारलेली 60 सेंटिमीटरची जागा सोडली आहे, नळ आणि बटण काढून ठेवले आहे. यंत्र अजून आलेले नाही. तोपर्यंत दोन गोष्टी झाल्या. मावशींचा पगार 1,200 झाला, आणि त्यावरून समोरच्या घरी माझ्याविषयी थोडी नाराजी आहे. दुसरे असे की जेवल्यावर ज्याने त्याने आपले ताट विसळून ठेवायचे, असा नियम झाला. मुलगा चार दिवस विसरला, पाचव्या दिवशी त्याने ताटाबरोबर आजीचेही ताट उचलले. सासूबाई लक्ष्मीविषयी काही बोलल्या नाहीत.

हे सगळे लिहून मी काही मिळवले असे मला वाटत नाही. मावशींच्या बोटांना अजून पाणी लागतेच आहे, आणि हिवाळा तोंडावर आला आहे. दिवाळीच्या बोनसातून निम्मी रक्कम बाजूला ठेवायची असे आमच्यात बोलणे झाले आहे. बोलणे आणि ठेवणे यांत अंतर असते, हे कोणत्याही घरात राहणाऱ्याला ठाऊक आहे. त्या रिकाम्या जागेत सध्या कांद्यांची टोपली ठेवली आहे. रोज कांदा काढायला वाकले की ती जागा दिसते.